क्रेझी हार्ट: दारू सुटते ती नेमकी कुठे?

उंबरठा (धागाकर्ता)

'क्रेझी हार्ट' परवा पुन्हा पाहिला. २००९ चा, स्कॉट कूपरचा पहिलाच सिनेमा. बॅड ब्लेक, वय ५७, एकेकाळचा नावाजलेला कंट्री गायक. आता जुनी सबर्बन गाडी हाकत गावोगावच्या बारमध्ये गातो. ज्यांना बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे सगळं फोडणार आहे.

सुरुवात बेफाट आहे. दिवसभर गाडी हाकून तो कोलोराडोतल्या प्वेब्लोला एका बोलिंग अ‍ॅलीसमोर उतरतो. कमरेचा पट्टा सुटलेला, प्लास्टिकच्या कॅनमधली लघवी तिथेच पार्किंगमध्ये ओततो. आत कळतं की बारमध्ये उधारी नाही, बोलिंग मात्र फुकट! रात्री गाणं अर्ध्यावर सोडून मागच्या दाराने पळतो, कचऱ्याच्या डब्यात ओकतो, गॉगल आत पडतो तो हात घालून काढतो आणि पुन्हा स्टेजवर. जेफ ब्रिजेसला ऑस्कर फुकट नाही मिळालं.

तक्रार पुढची आहे. पिण्याला एवढा वेळ, आणि सुटण्याला? व्यसनमुक्ती केंद्र आलं आलं म्हणेस्तोवर गेलं. मग पडद्यावर सोळा महिने उलटतात आणि साहेब ताजेतवाने. वर नवं गाणंही हिट. 'टेंडर मर्सीज' (१९८३) आठवा. त्यातही दारुडा कंट्री गायक, रॉबर्ट ड्युव्हाल. पण तिथे बाटली सुरुवातीलाच सुटते आणि उरलेला सगळा सिनेमा न पिणाऱ्या माणसाचा आहे. एका रात्री तो बाटली विकत घेऊन गाडीने भटकत राहतो, बायको घरी वाट बघते. उशिरा परततो आणि सांगतो, ओतून टाकली. अशी एकही रात्र 'क्रेझी हार्ट'ने दाखवलेली नाही. गंमत म्हणजे ड्युव्हाल या सिनेमाचा एक निर्माता आहे आणि बॅडच्या बारवाल्या मित्राचं कामही त्यानेच केलंय. त्याने तरी सांगायचं ना!

भाकरतुकडा

साफ असहमत. तुम्हाला हवाय तो सिनेमा १९८३ सालीच निघाला, तो परत कशाला काढायचा?

इथे कणा आहे तो ह्यूस्टनच्या मॉलमधला प्रसंग. बॅडची प्रेयसी जीन, तिचा चार वर्षांचा मुलगा बडी बॅडच्या भरवशावर आहे. हा बारमध्ये 'एकच' म्हणून टेकतो, आणि पोरगं नाहीसं. सापडतं, सुखरूप सापडतं, पण जीन तिथेच संपवते. हा पुढे केंद्रात जाऊन सुधारून तिच्या दारात येतो तरी ती घेत नाही. शेवटी भेटते तेव्हा बोटात दुसऱ्याची अंगठी. सुटका स्वस्त आहे म्हणताना ही किंमत कोणत्या खात्यात घातलीत?

आपल्याकडे सिंधू सुधाकराच्या पायाशी शेवटपर्यंत राहिली आणि आपण शंभर वर्षं रडतोय. जीन उठून गेली हे मला फार बरं वाटलं.

चहाटळ

दारूचा धागा निघाला की तिसऱ्या प्रतिसादाच्या आत 'एकच प्याला' येतोच. मी मनात पैज लावली होती, जिंकलो. बाकी चालू द्या.

खर्ज

मला दोघांचंही पटत नाही. मला खटकतं ते गाणं. पाय मोडून जीनच्या घरी पडलेला असताना त्याला 'द वेअरी काइंड' सुचायला लागतं. म्हणजे दु:ख झालं, दारू झाली, अपघात झाला, आता उत्तम कला येणार! हे गणित आपणही कलाकारांच्या बाबतीत कायम मांडतो.

माझे मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. सगळे म्हणत, घेतल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही. खरंच चालत नसे. वरातीआधी मी त्यांना क्लॅरिनेटचे तुकडे जोडताना पाहिलंय. बोटं इतकी थरथरायची की तुकडा तुकड्यात बसायचा नाही. क्वार्टर पोटात गेली की दहा मिनिटांत हात स्थिर, मग वाजवणं सुरेख. लोकांना वाटे दारू वाजवतेय. दारू फक्त दारूनेच आणलेली थरथर थांबवत होती. सकाळी न पिता वाजवायचे तेव्हाचं वादन मी लहानपणी ऐकलंय, ते जास्त चांगलं होतं.

टेक्सासकर

ह्यूस्टनात बारा वर्षं काढली, म्हणून चार आणे टाकतो. कंट्रीवाल्यांकडे दोन्ही प्रकारचे शेवट आहेत. हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ ला, कार्यक्रमाला जाताना, गाडीच्या मागच्या सीटवर गेला. वय २९. उलट जॉर्ज जोन्स १९९९ मध्ये पिऊन गाडी ठोकून मरता मरता वाचला, तेव्हा ६७ वर्षांचा होता. त्यानंतर सोडली आणि २०१३ पर्यंत जगला, गात होता. तेव्हा म्हातारपणी अपघात झाला आणि सुटली, यात फिल्मी काही नाही.

खर्ज, गाण्याबद्दल एक. बॅडचा जुना चेला टॉमी स्वीट आता स्टार आहे आणि तो बॅडकडे गाणी मागतो, ही दया नाही. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्याला नाहीत. बोलिंग अ‍ॅलीत घसा फोडण्यापेक्षा एक गाणं टॉमीच्या तोंडी गेलेलं बरं. दु:खातून कला वगैरे राहू द्या, म्हातारा अखेर धंद्याला लागला इतकंच. शेवटी बडीसाठी तो जो चेक देऊ करतो तो याच गाण्याचा.

उंबरठा

रेडिओचं माहीत नव्हतं. तो चेक मला आत्तापर्यंत गोडमिट्ट वाटत होता, आता जरा वेगळा दिसतोय. जीनच्या बाबतीत भाकरतुकडा यांचं मान्य.

पण खर्ज यांच्या मामांचा प्रतिसाद वाचून माझी तक्रार वाढलीच. केंद्रातून आल्यावर बॅड पहिल्यांदा न पिता स्टेजवर चढला असेल ना? तारा जुळवताना हात कसे होते? कॅमेरा मॉलमध्ये पोरगं शोधत इतका वेळ फिरला, तर या पाच मिनिटांना तिथे थांबायला काय झालं होतं?

भाकरतुकडा

कारण तुम्ही ती आत्ता डोळ्यांसमोर आणलीतच की.

उंबरठा

मी आणली, हो. तिकिटाचे पैसे मात्र त्यांनी घेतले.

चहाटळ

खर्ज, मामांनी सोडली का पुढे?

खर्ज

नाही. क्लॅरिनेट सोडलं.