मदत हवी आहे : ओबिझुथ आणि गेल्लो एकच का?

बाळंतिणीच्या खोलीत शिरून तान्ही बाळं मारणाऱ्या पिशाचांवर वाचतोय, पण एका जागी अडकलोय. 'शलमोनाचं मृत्युपत्र' (Testament of Solomon) या जुन्या ग्रीक ग्रंथात विस्कटलेल्या केसांची पिशाच्चीण ओबिझुथ येते. ती रात्रभर न झोपता बाळंतिणी शोधते, नवजात बाळांचा गळा दाबते. राफाएल देवदूतापुढे तिचं काही चालत नाही. बाळंतपणाच्या वेळी तिचं नाव पपायरसवर (लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर) लिहिलं तरी ती पळते, हे ती स्वतःच सांगून टाकते! शेवटी शलमोन राजा तिला केसांनी बांधून मंदिरासमोर टांगतो.

दुसरीकडे बायझंटाईन (मध्ययुगीन ग्रीक) कथांत संत सिसिनिओस बहीण मेलितीनीची बाळं गेल्लो या पिशाच्चिणीकडून परत आणतो. गेल्लोची साडेबारा नावं कळली की ती निष्प्रभ होते म्हणे. (साडेबारा! अर्धं नाव कसलं?) गेल्लोचं नाव मात्र प्राचीन ग्रीक कवयित्री साफोच्या काळापासूनचं.

मग दोघी मुळात एकच, की नंतर एक झाल्या? मेसोपोटेमियाच्या लमाश्तूशी (तीही बाळं मारणारी) नातं जोडायला ठोस पुरावा आहे का? आपल्या सटवाईशी तुलना सुचते, पण तिला पाचवीला पुजतात, हाकलत नाहीत. ग्रीक येणाऱ्या कुणी मूळ मजकूर पाहिला असेल तर प्लीज सांगा.