वसईचा वेढा: गोव्याची आघाडी विसरू नये

१७३९ मध्ये पोर्तुगीजांची वसई केवळ मराठ्यांच्या अखेरच्या हल्ल्यातील शौर्यामुळे पडली, असे एक मत आहे; ते मला अपुरे वाटते. वसई किल्ल्याच्या सॅन सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग उडवून खिंडारातून चढणाऱ्या मराठ्यांनी अतोनात रक्त सांडले, याबद्दल वाद नाहीच.

परंतु ठाणे आणि अर्नाळा १७३७ मध्येच घेतले होते. माहीम, तारापूरही १७३९ च्या जानेवारीत पडले आणि त्याच सुमारास मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्यातील सासष्टीत (ठाण्याजवळची साष्टी नव्हे) उतरून मडगाव घेतल्याने गोव्यातील पोर्तुगीजांना वसईला मदत करण्याऐवजी स्वतःच्याच रक्षणाची चिंता पडली. आम्हा वसईकरांच्या बोलण्यात चिमाजी अप्पांचे नाव आदराने येते, पण ही दक्षिणेकडील आघाडी क्वचितच येते, याची मला खंत वाटते. मे महिन्यात शरण आलेल्या पोर्तुगीजांना चिमाजी अप्पांनी सन्मानाने जाऊ दिले.