पिझ्झा-कॅल्झोनेचं पीठ घरी भिजवताना : तुमचे अनुभव लिहा

तयार बेस आणणं सोडून दोन वर्षं झाली, तरी चारातून एकदा पीठ रुसतंच. म्हणून हा धागा, पिझ्झासाठी आणि कॅल्झोनेसाठीही (म्हणजे सारण भरून, दुमडून कडा बंद केलेला पिझ्झा). पाककृती नकोत, त्या ढिगाने आहेत. कुठे फसलं आणि मग काय केलं, ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. पहिल्यांदा यीस्ट चक्क कढत पाण्यात घातलं. साठ अंशांच्या आसपास ते मरतं, हे कुणाला ठाऊक! तीन तास फडकं उचलून उचलून बघत होते, गोळा होता तेवढाच. आता आधी करंगळी बुडवते. जेमतेम कोमट लागलं की बस्स.

*

माझा घोळ वेगळा. पीठ हाताला चिकटतंय म्हणून मैदा भुरभुरत राहिलो आणि बेस झाला पुठ्ठा. आता काट्यावर मोजूनच : ५०० ग्रॅम मैदा, ३२५ मिली पाणी, १० ग्रॅम मीठ. नुसतं कालवायचं आणि वीस मिनिटं झाकून तिथून निघून जायचं. परत यावं तर तोच चिकट गोळा निम्मा शहाणा झालेला असतो.

*

पसरताना पीठ आक्रसत असेल तर त्याच्याशी भांडू नका, पंधरा मिनिटं झाकून ठेवा. फ्रीजमधलं असेल तर तास-दोन तास आधी बाहेर काढा. लाटणं मी वापरतच नाही, कडेची हवा निघून जाते.

*

घाईवाल्यांनी हे सोडून द्या. ५०० ग्रॅमला जेमतेम १ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, फ्रीजमध्ये ४८ तास. चवीत फरक पडतोच. इटलीतल्या नेपल्सच्या भट्टीत ४३० अंशांच्या वर दीड मिनिटात पिझ्झा होतो. आपला ओव्हन २५०ला दमतो, पिझ्झा जास्त वेळ आत राहून वाळतो, म्हणून मी पाणी थोडं वाढवतो.

*

कॅल्झोने! ताजं मोझरेला न निथळता भरलं, वर सॉसही आतच. दहाव्या मिनिटाला शिवण उसवली, सगळा ऐवज ट्रेवर आणि घरभर धूर. आता चीज अर्धा तास चाळणीत, सॉस बाहेर वाटीत. कडेला तेलाचं बोटसुद्धा लावत नाही, तेल लागलं की ती चिकटतच नाही. वर दोन चिरा, वाफेसाठी.

*

निम्मं गव्हाचं पीठ घालून बरं जमतं, पाणी मात्र जास्त पितं. पूर्ण गव्हाचं केलं तेव्हा ताणताना मधोमध फाटलं, तिन्ही वेळा. कुणाला जमलंय का?