उसाचे पाते लागून डोळ्यात बुरशी : प्रतिकारशक्ती तेव्हा काय करत होती?

प्रश्न

ऊस तोडताना माझ्या मामांच्या डोळ्याला पाते लागले. डोळा लाल झाला म्हणून औषधाच्या दुकानातून मिळालेले स्टेरॉइडचे थेंब त्यांनी घातले आणि दोन दिवस ठणका व लाली खरोखरच कमी झाली. आठवड्याभरात मात्र बुबुळावर पिसासारख्या कडांचा करडा डाग उमटला. डॉक्टरांनी तो खरवडून तपासला, तेव्हा बुरशीचे तंतू दिसले. आराम पडत असताना दुखणे आतून वाढले कसे, हे कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १ (सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका)

बुरशीचे बीजाणू पाचटात, मातीत, धुळीत सगळीकडे असतात. ते रोज डोळ्यांत जातात आणि पापण्यांच्या उघडझापीने अश्रूंबरोबर धुतले जातात. अश्रूंतील लॅक्टोफेरिन हे प्रथिन बुरशीला हवे असलेले लोह बांधून ठेवते, आणि खाली पारपटलाच्या, म्हणजे बुबुळावरील काचेसारख्या पडद्याच्या, पेशींचा घट्ट थर असतो. पात्याने तो थर फाटला की बीजाणू थेट आतल्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंमध्ये जाऊन बसतात. पारपटल पारदर्शक राहावे म्हणून तिथे रक्तवाहिन्याच नसतात. त्यामुळे कुमक कडेच्या वाहिन्यांतून यावी लागते.

ॲस्परजिलस या बुरशीचा सुप्त बीजाणू तर प्रथिनाचे आवरण पांघरून असतो. तो फुगून रुजू लागला की त्याच्या भित्तिकेतील बीटा-ग्लुकन ही शर्करेची साखळी उघडी पडते, तेव्हा कुठे पारपटलातील मॅक्रोफेज नावाच्या पहारेकरी पेशी डेक्टिन-१ या ग्राहकाच्या, म्हणजे ओळख पटवणाऱ्या प्रथिनाच्या, साहाय्याने त्याला ओळखतात, इंटरल्युकिन-१ सारखे रासायनिक संदेश सोडतात आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात.

प्रतिसाद २ (नेत्रतज्ज्ञ)

पुढचा भाग मी सांगतो. बुरशीचा तंतू न्यूट्रोफिलला गिळता येत नाही, इतका तो लांब असतो. म्हणून या पेशी त्याला चिकटून ऑक्सिजनची विषारी संयुगे आणि विकरे ओततात. त्याने तंतू मरतो, पण आजूबाजूचे कोलॅजनही विरघळते. डोळ्यात फूल पडते ते या झटापटीच्या व्रणामुळे. मामांची लाली आणि ठणका ही लढाई चालू असल्याची खूण होती. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल्सना रोखले, खूण पुसली गेली आणि बुरशीला मोकळे रान मिळाले. पात्याने झालेल्या जखमेवर तपासणीविना हे थेंब कोणीही घालू नयेत, हे मी रोज सांगतो आणि तरीही असे डोळे रोज पाहतो.

हा आजार नवा नाही. १८७९ मध्ये नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी जर्मनीत नोंदवलेला पहिला रुग्णही शेतमजूरच होता. मळणी करताना ओटचे तूस त्याच्या डोळ्यात गेले होते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मामांना ५ टक्के नॅटामायसिन हे बुरशीविरोधी थेंब दर तासाला घालायला सांगितले आहे. दहा दिवस झाले, तरी डाग तसाच आहे. औषध बदलून घ्यावे का?

प्रतिसाद २ (नेत्रतज्ज्ञ)

स्वतःहून बदलू नका. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतातील रुग्णांवर केलेल्या चाचणीत नॅटामायसिन हे व्होरिकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधापेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युझॅरियम बुरशीच्या बाबतीत. ते पारपटलात खोल शिरत नाही, म्हणून आठवडे लागतात आणि डॉक्टर मधूनमधून पृष्ठभाग खरवडतात. डागाच्या कडा बोथट होत आहेत का, हे त्यांना विचारा. सुधारणा आधी तिथे दिसते. बुरशी पूर्ण गेल्यावर व्रण दृष्टीच्या मार्गात उरला, तर पारपटल-रोपणाचा विचार करता येतो. पुढच्या भेटीला जाताना ती स्टेरॉइडची बाटली सोबत न्या आणि किती दिवस थेंब घातले, ते नेमके सांगा.