काडीकिड्यांच्या डब्यात बुरशी, स्प्रिंगटेल सोडू की आयसोपॉड?

कुंडीखालचा_सातारकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे काडीकिडे आहेत, पेरूच्या आणि गुलाबाच्या पाल्यावर, आणि वेगळ्या डब्यात एक हिरवी मँटिस (पुढचे पाय जोडून बसणारा शिकारी किडा). पाऊस लागल्यापासून तळाच्या लेंड्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी धरतेय, मँटिसच्या डब्यात तर माशीचा उरलेला तुकडा सकाळी बघावा तर केस उगवलेले. टिश्यू बदलायला हरकत नाही पण काडीकिड्यांची अंडी त्यातच पडतात आणि लेंडी कुठली अंडं कुठलं हे भिंग घेऊन निवडत बसावं लागतं. बाहेरचे लोक डब्यातच छोटे सफाईवाले जीव सोडतात म्हणे, स्प्रिंगटेल नि आयसोपॉड (ओल्या पाल्याखाली असतात ते बारीक, कवचवाले, बऱ्याच पायांचे). आपल्याकडे हे जमतं का, आणायचे कुठून, आणि घरभर पसरले तर? आईचं म्हणणं आहे की किड्यांच्या डब्यात अजून किडे सोडणारा मी पहिलाच.

इस्त्रीचा_कोळसा
आईंना सांगा की आयसोपॉड किडा नाहीच, तो खेकड्या-कोळंबीच्या भावकीतला 😄

बुरशीसाठी स्प्रिंगटेल घ्या, दुसरं काही नको. एक-दोन मिलिमीटरचे पांढरे ठिपके, बुरशी आणि कुजकं खातात, जिवंत किड्याला किंवा चांगल्या अंड्याला त्रास नाही. पण टिश्यूवर टिकणार नाहीत, ते कातडीतून श्वास घेतात त्यामुळे ओल गेली की संपले. तळाला दोन बोटं ओलं कोकोपीट पाहिजे, मुठीत दाबलं तर पाणी गळू नये इतपतच ओलं. घरभर पसरायची भीतीही त्यामुळेच नाही, कोरड्या फरशीवर ते जगत नाहीत.

विकत घ्यायची गरज नाही. पावसाळ्यात कुंडी उचला, खालचा कुजका पाला ताटलीत झटका, टुणकन उडणारे पांढरे ठिपके दिसले की तेच. ती माती वाटीभर पाण्यात सोडा, यांचं अंग पाण्याने भिजत नाही त्यामुळे पिठी सांडल्यासारखे वर तरंगतात, वाटी तिरकी करून दुसऱ्या डब्यात ओता. त्या डब्यात लाकडी कोळशाचे तुकडे (इस्त्रीवाल्याकडे मिळतात, धुऊन घ्या) आणि तळाला थोडं पाणी, वर चार दाणे तांदूळ. तांदळाला बुरशी येते, ते ती खातात, वाढतात. लागतील तेव्हा पाणी भरायचं, वर आलेले काडीकिड्यांच्या डब्यात ओतायचे. झाकण दोन-चार दिवसांनी उघडून हवा द्या.

कुंडीतून आणताना एक बघा, उडत नाहीत आणि हळूहळू रांगतात, गोल धुळीसारखे दिसतात ते माइट्स. शंका आली तर फुंकर मारा, स्प्रिंगटेल उडी मारेल. आणि गोमेचं पिल्लू सोबत आलं तर ते आधी बाहेर काढा.

वाणीवाली_ताई
वरचं सगळं बरोबर, पण आयसोपॉडला उगाच बाजूला टाकलंत. मी वाणी म्हणजे मिलीपीड पाळते (पावसात वाटेवर दिसतो तोच काळा-लालसर), त्या टबमध्ये आयसोपॉडशिवाय चालत नाही, जाड लेंडी आणि पानं स्प्रिंगटेलला आवरत नाहीत. बदामाची, फणसाची वाळकी पानं उकळून घालते, कडुलिंब आणि निलगिरी नको. कवचाला कॅल्शियम लागतं म्हणून समुद्रफेसाचा तुकडा ठेवते, पक्ष्यांच्या दुकानात मिळतो, नाहीतर अंड्याची टरफलं कुटून. टबची एक बाजू ओली आणि एक कोरडी ठेवायची, ते आपले आपण जागा निवडतात.

इस्त्रीचा_कोळसा
ताई, वाणीच्या टबात हरकत नाही, पण यांच्याकडे अंडी जमिनीवर पडतात. आयसोपॉड भुकेले असले की अंडी कुरतडतात, नुकतीच कात टाकलेला मऊ किडाही सोडत नाहीत, त्यातल्या त्यात पोर्सेलिओ लाएविससारखे मोठे, प्रोटीनला हावरे तर नाहीच नाही. शिंगाड्या भुंग्यांच्या अळ्या ठेवणाऱ्यांनीही लांब राहावं, कोष जमिनीतच असतो, पळता येत नाही बिचाऱ्याला, शिवाय अळीचं कुजकं लाकूड हेच खाऊन टाकतात.

वाणीवाली_ताई
अंड्यांचं पटलं. मग अंडी पडतील तिथे जाळी आणि खाली ट्रे ठेवा, आयसोपॉड नकोच. मँटिसच्या डब्यातही स्प्रिंगटेलच बरे, ती छताला उलटी लटकून कात टाकते तेव्हा कोणी वर चढून धक्का दिला तर खाली पडते आणि वाकडीच राहते. फक्त एक, मेलेली अख्खी माशी स्प्रिंगटेलवर सोडून देऊ नका, चिमट्याने उचला. आणि डब्याला वाराच नसेल तर कितीही सफाईवाले सोडा बुरशी येणारच. वरच्या झाकणाला जाळी आहेच ना? बाजूलाही एक खिडकी कापा.

रातकिडा_नागपूर
माझं गेकोसाठी (पाळीव पाल) रातकिड्यांचं टब आहे, कोरडं, अंड्यांचे ट्रे घातलेले. तिथे स्प्रिंगटेल चालतील का?

इस्त्रीचा_कोळसा
नाही, वाळून मरतील. कोरड्या टबात बाहेर लोक छोटे काळे भुंगे ठेवतात, पोल्ट्रीच्या गादीत सापडतात तेच, मेलेले रातकिडे साफ करतात. पण अळी मोठी झाली की कोषासाठी थर्माकोल पोखरत जाते, पोल्ट्रीवाल्यांना विचारा किती वैतागलेत. घरात ठेवायचेच तर गुळगुळीत काचेच्या टाकीत. त्यापेक्षा तुम्ही ट्रे झटकून तळ पुसत जा, पाणी जेलमधून द्या, निम्मा वास तिथेच जाईल. आणि कोणी परदेशातून पार्सलने जिवंत मागवायच्या भानगडीत पडू नका, २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरखाली (आयातीचा सरकारी नियम) परवाना लागतो.

कुंडीखालचा_सातारकर
मनापासून धन्यवाद सगळ्यांना. आज कुंड्या उचलल्या, तुळशीच्या खाली भरपूर निघाले, वाटीत तरंगतायत. फुंकर मारली, उडाले पण 😀 आता डबे बाल्कनीत ठेवले तर मुंग्या येतील ना? तांदळाच्या वासानेच रांग लागेल.

वाणीवाली_ताई
येतील. डबा वीट किंवा उलट्या वाटीवर ठेवून ती ताटात ठेवा, ताटात पाणी आणि एक थेंब भांडी घासायचं लिक्विड, नाहीतर मुंग्या पाण्याच्या पापुद्र्यावरून चालत जातात. डब्याची कड भिंतीला किंवा पडद्याला लागू देऊ नका. लक्ष्मणरेषा वगैरे खडू जवळपास सुद्धा नको, त्याची पूड उडाली तर मुंग्यांआधी तुमचे काडीकिडे जातील.