हलका ट्रेलर, मध्यम एसयूव्ही: तुमचे अनुभव लिहा

महिन्याभरात तीन ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न आला: "आमची गाडी ट्रेलर ओढेल का?" म्हणून हा धागा काढतोय. राहायचा ट्रेलर मागे लावून जे खरोखर हिंडले आहेत, त्यांनी लिहावं. चुका जरूर लिहा, नव्या माणसाला त्यांचाच उपयोग जास्त.

माझ्यापासून सुरुवात करतो. न्यू जर्सी, होंडा पायलट, ऑल व्हील ड्राइव्ह. टोइंग क्षमता ५,००० पौंड (टू व्हील ड्राइव्हची ३,५००, घेताना बघून घ्या). ट्रेलर रिकामा २,९०० पौंड, सामान भरून ३,७००. कागदावर भरपूर वाव दिसतो. पण ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायरच्या माहितीचं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. आमच्या गाडीचं १,३२० पौंड. आम्ही चौघं ५२०, हिचवर (गाडीमागचा ट्रेलर जोडायचा आकडा) येणारा ट्रेलरचा भार ४५०, हिचचं लोखंड ७०. उरले २८०. त्यात छपरावरची पेटी, लाकडं, बर्फाचा डबा, कुत्रा. ओढायला गाडी तयार असते, प्रश्न पेलण्याचा असतो.

डेन्व्हरहून

ग्रेट सँड ड्यून्सला निघालो होतो. आय-२५ महामार्गावर मॉन्युमेंट हिलचा उतार, वेग ताशी ६८ मैल. शेजारून मोठा ट्रक गेला आणि ट्रेलर डुलायला लागला. पहिला झोका छोटा, दुसरा त्याहून मोठा, तिसऱ्याला आरशात ट्रेलरची अख्खी बाजू दिसली. मागे मुलं गप्प झाली होती. पायाखालचा ब्रेक दाबायचा मोह होतो, तो दाबायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, ॲक्सिलरेटर सोडला आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबली. तिच्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर ताणला जाऊन सरळ झाला. पुढच्या एक्झिटला थांबलो, तेव्हा हात थरथरत होते.

कारण माझंच होतं. आमची पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे आहे आणि मी घरूनच ३० गॅलन भरून घेतलं होतं, म्हणजे अडीचशे पौंड. वर मागच्या बंपरवर दोन सायकली. रात्री गावी वडिलांना फोनवर सांगितलं. त्यांनी ट्रेलर कधी पाहिलेला नाही, पण लगेच म्हणाले, "अरे, गाडी उलाळ झाली तुझी." बैलगाडीत मागे वजन जास्त झालं की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, ती उलाळ गाडी. पुढे जास्त झालं की धुरजड, मग भार बैलांच्या मानेवर. चांगला गाडीवान गाडी थोडी धुरजडच भरतो. इथे हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ठेवा म्हणतात, ते हेच. आता पाणी कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर भरतो.

सॅन होजेहून

कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असेल तर वेगमर्यादा ५५ मैल आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमची टोयोटा हायलँडर. एकटी गॅलनला २३ मैलांचं ॲव्हरेज देते, ट्रेलर मागे असला की ११. पेट्रोलचा हिशेब दुपटीनेच करा. वजनापेक्षा वारा जास्त खातो, ट्रेलरचं तोंड भिंतीसारखं असतं. जुलैत ग्रेपव्हाइनचा घाट चढताना एसी बंद ठेवला, मुलं कुरकुरली, पण इंजिनच्या तापमानाचा काटा वर गेला नाही. उतरताना गिअर आधीच खाली घ्या. ब्रेक तापल्यावर सुचून उपयोग नसतो.

मिनेसोटाहून

मी आणि माझी मुलगी दोघीच जातो. ट्रेलर १३ फुटी स्कँप, फायबरग्लासचा, इथेच बॅकस गावात बनतो. रिव्हर्सची धास्ती होती. रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास घातले. स्टिअरिंग खालून धरायचं, ट्रेलरची शेपूट जिकडे हवी तिकडे हात न्यायचा. बोटभर. आणि बिघडलं की पुढे येऊन पुन्हा. मुलगी मागे उभी राहून फोनवर सांगते. ती आरशात दिसेनाशी झाली की मी थांबते, हा आमचा नियम.

लीड्स, इंग्लंडहून

इकडे कॅराव्हॅन म्हणतात आणि गणित वेगळं आहे. पुढचा भार ५ ते ७ टक्केच ठेवतात, त्यामुळे अमेरिकेचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नका. नवशिक्याने भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावी, हा सल्ला आम्ही पाळला. मोटरवेवर ६० मैल, आणि तीन लेन असतील तर उजवीकडच्या लेनमध्ये जायचं नाही. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. तरी मी एक दिवस शिकवणी लावली. पैसे वसूल झाले.

सॉल्ट लेक सिटीहून

जुना ट्रेलर घेणाऱ्यांसाठी. टायरची नक्षी नव्यासारखी होती, विकणारा म्हणाला फारसा फिरलेलाच नाही. वायोमिंगमध्ये आय-८० वर उजवा टायर फुटला. टायरच्या पट्ट्याने चाकावरचा पत्रा फाडला, ब्रेकची वायर तोडली. उतरून बाजूवरचे आकडे पाहिले: २३११. म्हणजे २०११ सालचा २३वा आठवडा. टायर उभ्या उभ्याच म्हातारा झाला होता. हे चार आकडे वाचायला अर्धं मिनिट लागतं, गुडघ्यावर बसून प्रत्येक टायरचे वाचा, स्पेअरचेही. नवीन चाकं लावलीत तर पहिल्या ५० मैलांनंतर नट पुन्हा आवळा. आणि त्या रस्त्यावर वाऱ्यामुळे हलक्या उंच गाड्यांना बंदी लागते, पाटी दिसली की निमूट थांबा.

धागाकर्ता

डेन्व्हरकरांचं वाचून काल ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर गेलो. ट्रेलर जोडून एकदा, सोडून एकदा. पुढचा भार मी ४५० धरून चाललो होतो, निघाला ३४०. नऊ टक्क्यांच्या जेमतेम वर. ट्रेलरच्या मागच्या बाकाखाली भांडी, कॅन आणि जनरेटर साठत गेले होते. बायकोने आणि मी संध्याकाळी सगळं उतरवून ॲक्सलच्या पुढच्या कपाटात लावलं. शनिवारी पुन्हा काट्यावर जातोय, आकडा इथे टाकतो.