बाबागाडी घेताना काय पाहिलंत? गोव्यातल्या आईबाबांचे (आणि आजीआजोबांचे) अनुभव

धागाकर्ती, पर्वरी
मुलगा 4 महिन्यांचा झाला, मान धरायला लागलाय. सासूबाईंचं म्हणणं, बाबागाडी म्हणजे पैसे पाण्यात. आमची पोरं कडेवरच वाढली. नवरा रोज रात्री मोबाइलवर नवी गाडी दाखवतो, परवाची तर आमच्या स्कूटरच्या निम्म्या किमतीची निघाली. एक मूल, एक गाडी, आणि ती 3 वर्षं तरी पुरायला हवी. दुकानात फरशीवर चालवून दाखवतात, पण फरशीवर कुठलीही गाडी चालते हो. आमच्या दारात चिऱ्यांच्या 7 पायऱ्या आहेत! काय घेतलंत, कशाचा पस्तावा झाला, मोकळेपणी लिहा.

मडगाव, मुलगी 2 वर्षांची
पस्ताव्यापासूनच सुरुवात करते. आम्ही कारसीटसकट येणारी मोठी गाडी घेतली, वजन 13 किलो. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिले 5-6 महिने सीटची पाठ पूर्ण सपाट होत असल्याने मुलगी मस्त झोपायची, ते श्रेय गाडीला द्यायलाच हवं. तान्ह्या बाळाला मान सावरत नाही तोवर नुसती बसवायची गाडी नकोच. पण खाली उतरवायला दर वेळी दोन माणसं लागायची. नवरा ऑफिसात गेला की गाडी बाल्कनीत आणि मी घरात. एकदा मुंबईला जाताना मडगाव स्टेशनच्या पादचारी पुलावर ती चढवली, त्यानंतर पुन्हा ट्रेनला नेली नाही.

दुकानात एक करा: बाळ एका हातावर घ्या आणि दुसऱ्या हाताने गाडी मिटून उचलून बघा. विक्रेत्याने मिटून दाखवली, हे धरू नका. तो दिवसातून वीसदा मिटतो.

पणजी, मळा
आमच्या भागातला फूटपाथ कधी खणलेला, कधी बुजवलेला, मध्येच संपलेला. छोट्या जुळ्या चाकांची गाडी होती. पेव्हरच्या फटीत आणि गटाराच्या जाळीत पुढचं चाक अडकायचं, मुलगा पुढे झुकायचा. पट्टे लावलेले होते म्हणून निभावलं. पट्टे पाचच हवेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक पायांमधून. नुसता कमरेचा पट्टा असला तर चळवळं मूल खालून सरकतं.

मग मोठ्या चाकांची गाडी घेतली. कांपाल ते मिरामार संध्याकाळचा फेरा आता सुखाचा. हवेची चाकं खडीवर छान चालतात पण पंक्चर होतात. सायकलवाल्याने एकदा हसतहसत काढून दिलं. भरीव रबराची घेतलीत तर थोडे धक्के बसतील, कटकट मात्र नाही. पुढची चाकं फिरती असोत, पण ती सरळ अडकवून ठेवायची सोयही बघा. ओबडधोबड जागी तिची गरज पडते.

वास्को, बाबा
मी जहाजावर असतो, सुट्टीत मुलाला फिरवणं माझं काम. आमची 6 किलोची, तीन घड्यांत मिटणारी. मोपावरून विमानाच्या दारापर्यंत नेली, तिथे सामानात दिली, उतरल्यावर परत घेतली. (आधी विमान कंपनीला विचारून ठेवा, प्रत्येकाचा नियम वेगळा.) स्कूटरवर पायांपाशीही मावते, बायको मुलाला घेऊन मागे. मात्र 4 वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर बांधायचा पट्टा लागतो, 9 महिन्यांवरच्याला हेल्मेटही, आणि वेग ताशी 40 किमीच्या वर नको. आम्ही आता लांब जायचं तर टॅक्सीच करतो.

बोगमाळोच्या वाळूत मात्र ही गाडी ढकलून चालत नाही. उलटी फिरवून ओढत नेली तर थोडी चालते. माणसं बघतात, बघू देत.

डिचोली, आजी
मीही तुमच्या सासूबाईंसारखीच म्हणायची, कडेवर घ्या की. आता माझं गुडघ्याचं दुखणं आणि नातू 11 किलोचा, तेव्हा गप्प बसले.

लेकीने जी गाडी आणली तिची मूठ तिच्या उंचीची. मला खांदे वर उचलून ढकलावी लागे, संध्याकाळी मान धरायची. आता उंची कमीजास्त होणारी मूठ आहे. दुसरं, ब्रेक. आधीच्या गाडीचा ब्रेक पायाच्या अंगठ्याने वर उचलावा लागे. चपलेत अंगठा कुठे सापडतो? खाली दाबून लागणारा आणि खाली दाबूनच सुटणारा घ्या.

रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने जाताना रॅम्प ओला होता. ह्यांनी मागून विचारलं, "ब्रेक लागता मगे?" मी म्हटलं, लागतो, पण माझा भरवसा नाही. नातवाला उचलून घेतला, गाडी ह्यांच्याकडे दिली. बोटीत नेहमी असंच करावं.

म्हापसा
शुक्रवारच्या बाजारात गाडी नेऊ नका. मी नेली. मिरची, नारळ, पाव, सगळं मुठीला लटकवलं, आणि मुलीला उचललं मात्र, गाडी मागे कोलमडली. दुधाची बाटली फुटली. मुलगी गाडीतच असती तर? तेव्हापासून सामान फक्त खालच्या टोपलीत. दुकानात टोपलीत हात घालून बघा. पाठ सपाट केली की काही गाड्यांत टोपलीपर्यंत हातच पोहोचत नाही.

फोंडा
पावसाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लांबड लावते. जूनमध्ये गाडी मिटून कपाटामागे ठेवली आणि गणपतीला काढली, तर सीटवर हिरवी बुरशी, वास असा की बाळ रडायला लागलं. कापड सुटं निघत नव्हतं. आता पहिला प्रश्न तोच विचारते: कव्हर निघतं का, घरी धुता येतं का? पावसाळ्यात गाडी उघडीच ठेवते, पंख्याखाली. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या बहिणीच्या गाडीचे स्क्रू एका वर्षात गंजले. ती आता फिरून आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुते आणि सांध्यांना तेल देते.

आणि उन्हाचं. एप्रिल-मेत छपरावरून दुपट्टा टाकून बाळाला झाकतात, मीही टाकायचे. आमच्या डॉक्टरांनी रागावून सांगितलं, आत हवा कोंडते, बाळ तापतं आणि आपल्याला ते दिसतही नाही. पातळ कापडसुद्धा नको. मोठं छप्पर, मागे जाळीची खिडकी, आणि दुपारी 12 ते 4 घरात.

पणजी, मळा
फोंडाताईंना अनुमोदन. प्लास्टिकचं पावसाळी कव्हरसुद्धा पाऊस थांबला की लगेच काढायचं, तेच कारण.

साखळी
जुनी घेतली, 2500 ला. वाईट काहीच नाही, फक्त तपासून घ्या: ब्रेक लावून उतारावर, उघडल्यावरचं कुलूप खट्‌कन बसतं का, आणि बिजागरी. 2009 मध्ये अमेरिकेत एका नावाजलेल्या कंपनीने जवळपास 10 लाख गाड्यांची बिजागरी झाकायला आवरणं वाटली होती, कारण उघडताना मुलांची बोटं चेचत होती. महाग गाडीतही हे होतं. उघडमीट करताना मूल हातभर लांब ठेवा.

केपे
आम्ही घेतलीच नाही. घरापासून रस्त्यापर्यंत कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) पायवाट आहे, तिथे कुठलं चाक चालणार? कापडी झोळी आणि आजोबांचा खांदा. मूल मजेत आहे.

मडगाव, मुलगी 2 वर्षांची
एक राहिलं. मूठ पुढेमागे फिरवून बाळाचं तोंड आपल्याकडे करता येतं, ती सोय पहिल्या वर्षी फार गोड वाटते. पण मूठ फिरवली की फिरती चाकं आपल्या बाजूला येतात आणि वळवताना गाडी अडेलतट्टू होते. सीटच उचलून फिरवता येणारी जास्त चांगली, आणि अर्थात महाग.

धागाकर्ती, पर्वरी
सगळ्यांचे आभार. शनिवारी सासूबाईंना घेऊनच दुकानात गेले. उकड्या तांदळाची 5 किलोची पिशवी सोबत नेली होती. त्यांनी ती सीटवर बसवली, पाचही पट्टे लावले आणि दुकानदाराला म्हणाल्या, "बाहेर रस्त्यावर चालवून बघते हं." तो काही बोलायच्या आत त्या पायरी उतरलेल्या. दोन गाड्या तिथेच बाद झाल्या, एक पुढचं चाक थरथरतं म्हणून, दुसरी ब्रेकसाठी. तिसरी घेतली: साडेसात किलो, पाठ सपाट होते, कापड निघतं, मूठ मात्र फिरत नाही. 9,200 रुपये. सात पायऱ्यांवरून त्यांनी स्वतः रिकामी उतरवून बघितली, आणि आता शेजारणींना "आमची गाडी" म्हणून दाखवतात.

पावसाळी कव्हर सोबत आलं नाही. पणजी-म्हापशात सुटं कुठे मिळेल?